हिरोशिमाच्या म्हाताऱ्या माणसांनी काढलेली चित्रं

इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनावळ्या आठवतात. आज आम्ही ज्या इतिहासाबद्दल बोलणार आहोत, तो पाठकोऱ्या कागदांवर रंगखडूंनी आणि पेन्सिलींनी काढलेला आहे. काढणारे चित्रकार नव्हते. दुकानदार होते, घरकाम करणाऱ्या बायका होत्या, निवृत्त कामगार होते. शाळा सुटल्यापासून कित्येकांनी हातात रंग धरला नव्हता. तरीही त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं आणि एका शहराचं अनेक वर्षं गोठलेलं दुःख थोडंसं वाहतं झालं. हे कसं घडलं, आणि आपल्या गावापुरतं त्यातून काय घ्यावं, याचा विचार आपण करू.

शहर जपानमधलं हिरोशिमा. ६ ऑगस्ट १९४५ची सकाळ. सव्वाआठ वाजता अमेरिकेच्या विमानानं टाकलेला अणुबॉम्ब शहराच्या मध्यावर फुटला. त्या वेळी हजारो शाळकरी मुलंमुली रस्त्यांवर कामाला लावलेली होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायचे, असं ते काम. बारा-तेरा वर्षांची लेकरं सकाळी आईनं दिलेला डबा घेऊन गेली आणि त्यातली कितीतरी परत आलीच नाहीत. ते वर्ष संपेपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं दगावली असावीत असा अंदाज आहे. बरेच जण तिथल्या तिथे गेले. बाकीचे भाजल्यामुळे आणि किरणोत्सर्गाच्या आजारानं पुढच्या दिवसांत, आठवड्यांत गेले.

एवढं मोठं संकट, पण त्या दिवशी शहरात काढलेले किती फोटो उरले असतील? योशितो मात्सुशिगे नावाचा स्थानिक वृत्तपत्राचा छायाचित्रकार त्या दिवशी कॅमेरा घेऊन फिरला. त्यानं काढलेले पाच फोटो आज आपल्याकडे आहेत. समोरच्या माणसांची अवस्था बघून त्याच्यानं बटण दाबवेना, असं त्यानं पुढे सांगितलं. म्हणजे जे घडलं ते पाहिलेली माणसं हजारो होती, आणि दाखवायला जवळजवळ काही नव्हतं. सगळं होतं ते लोकांच्या डोळ्यांत.

आणि ते बाहेर येणार कसं? पहिली अडचण सरकारी होती. युद्ध संपल्यावर जपान दोस्तराष्ट्रांच्या, मुख्यतः अमेरिकेच्या लष्करी ताब्यात गेला. १९५२ सालापर्यंत हा ताबा होता. त्यातली पहिली काही वर्षं वृत्तपत्रं, पुस्तकं, रेडिओ यांवर कडक तपासणी होती. बॉम्बनं माणसांचं काय झालं हे उघडपणे छापणं कठीण होतं.

दुसरी अडचण आपल्याला जास्त ओळखीची वाटेल. बॉम्बचा मारा सोसून वाचलेल्या माणसाला जपानीत ‘हिबाकुशा’ म्हणतात. हिबाकुशा मुलीचं लग्न जमेना. तिला आजार असेल, तिची मुलं अपंग जन्मतील, अशी भीती लोकांना वाटे. मग घरचेच सांगत, कुठे बोलू नकोस. नोकरीवरही गडी टिकेल की नाही अशी शंका घेतली जाई. अंगावरचे वण झाकायचे, गावाचं नाव टाळायचं आणि गप्प राहायचं. कितीतरी जणांनी आपल्या नवऱ्याला, बायकोला, मुलांनासुद्धा काही सांगितलं नाही.

तिसरी अडचण सगळ्यात खोल होती, आणि ती बाहेरून दिसत नव्हती. तिच्याकडे आम्ही पुढे येतो.

या शांततेला पहिली चीर पाडली ती एका चित्रकार जोडप्यानं. इरी मारुकी हे शाईनं चित्रं काढणारे, मूळचे हिरोशिमाचे. त्यांची पत्नी तोशी मारुकी तैलरंगात काम करायच्या. बॉम्ब पडल्यावर काही दिवसांतच दोघं इरींच्या माणसांच्या शोधात हिरोशिमाला पोचली होती. तिथं पाहिलेलं पाच वर्षं मनात राहिलं. १९५० साली त्यांनी पहिलं मोठं चित्र लोकांसमोर ठेवलं. उंची माणसाएवढी आणि लांबी सात मीटरच्या वर. आज ते ‘भूतं’ या अर्थाच्या नावानं ओळखलं जातं, पण पहिल्यांदा मांडलं तेव्हा त्याला फक्त तारखेचं नाव दिलं होतं : ६ ऑगस्ट. परकीय ताबा अजून उठायचा होता. चित्रात इमारती नाहीत, ढग नाही, विमान नाही. फक्त माणसं आहेत. कपडे जळून गेलेली, हात पुढे धरून चालणारी माणसं.

ही चित्रं त्यांनी गुंडाळी करून नेता येतील अशी केली आणि पुढची काही वर्षं ती जपानभर गावोगाव फिरली. आपल्याकडे चित्रकथी पोथीतली चित्रं घेऊन गावोगाव हिंडत, तसंच म्हणा ना. टीव्ही घरोघरी पोचायच्या आधीचा काळ. हिरोशिमात काय झालं हे असंख्य जपानी लोकांनी पहिल्यांदा बघितलं ते या चित्रांत. आणि चित्रांपुढे उभं राहिल्यावर वाचलेली माणसं बोलू लागली. कुणी म्हणे, प्रत्यक्षात याहून भयंकर होतं. कुणी आपलं माणूस कुठे पडलं होतं ते सांगे. चित्र दाखवायला आलेल्यांना ऐकायचं काम करावं लागलं.

तरी हे दोन कसलेल्या चित्रकारांचं काम होतं. सामान्य माणसानं स्वतः रंग हातात घ्यायला आणखी बरीच वर्षं जावी लागली.

१९७४ साल. बॉम्बला एकोणतीस वर्षं होत आली होती. ७७ वर्षांचे एक आजोबा ‘एनएचके’ या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या हिरोशिमा केंद्रात आले. हातात स्वतः काढलेलं एक चित्र होतं. त्या दिवशी एका पुलाजवळ त्यांनी जे पाहिलं होतं, ते. चित्रकलेच्या शिक्षकानं बघितलं असतं तर आकृत्यांची मापं चुकली म्हणाला असता. केंद्रातल्या लोकांनी मापं बघितली नाहीत. ते चित्र त्यांनी टीव्हीवर दाखवलं आणि लोकांना आवाहन केलं, की तुम्ही जे पाहिलं ते तुमच्या हातानं काढून पाठवा.

आम्ही रेडिओवाल्या बायका असल्यामुळे ही गोष्ट आम्हाला फार जवळची वाटते. एक माणूस आपणहून आला, त्याचं म्हणणं कुणीतरी ऐकून घेतलं आणि मग तेच दार सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. सुरुवात एवढीच होती.

चित्रं येऊ लागली. टपालानं आली, कुणी हातानं आणून दिली. जो कागद हाताशी आला तो घेतलेला. रंगखडू, जलरंग, शाई, पेन, साधी पेन्सिल, ज्याला जे जमलं ते. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात हिरोशिमात त्यांचं प्रदर्शन भरलं. पुढच्या वर्षी पुन्हा आवाहन झालं. दोन्ही वर्षांची मिळून २,२२५ चित्रं जमली. सातशेहून अधिक माणसांनी ती काढली होती. ती सगळी हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयात जपून ठेवली. निवडक चित्रांचं पुस्तक निघालं, इतर देशांतही प्रदर्शनं झाली. २००२ साली पुन्हा एकदा हाक दिली, तेव्हा आणखी तेराशेहून जास्त चित्रं आली. सत्तावन्न वर्षांनंतरही माणसांच्या मनात काढायचं उरलेलं होतं.

आता ही चित्रं कशी आहेत ते सांगतो. बहुतेक चित्रांवर अक्षरं आहेत. कडेला, वर, खाली, जागा सापडेल तिथे लिहिलेलं आहे. अमुक पुलाची पूर्व बाजू. सकाळी इतके वाजले होते. ही शाळेची मुलं होती. ही बाई मुलाला हाक मारत होती. काहींनी बाण काढून दिशा दाखवल्या आहेत, काहींनी शेवटी मेलेल्या माणसाला नमस्कार लिहिला आहे. या माणसांना आपण सांगतोय ते नीट पोचलं पाहिजे अशी घाई आहे. चित्र सुंदर दिसावं ही काळजी कुणालाच नाही.

त्यातलं एक चित्र पाहिलं की विसरत नाही. बॉम्बच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका तरुण मुलीनं रस्त्यात पाहिलेलं दृश्य. आग विझवण्यासाठी पाणी साठवायचे सिमेंटचे हौद तेव्हा जागोजागी होते. अशा एका हौदापाशी एक बाई उभी आहे. जळून कोळसा झालेली. एक पाय उचललेला, धावण्याच्या बेतात. हातांत घट्ट धरलेलं तान्हं बाळ. धावता धावता ती तशीच संपली होती. ज्या मुलीनं हे पाहिलं ती एकोणतीस वर्षं हे दृश्य बरोबर घेऊन जगली, संसार केला, आणि मग एक दिवस कागद घेऊन बसली.

आणि आता ती तिसरी अडचण. तिचं नाव पाणी.

भाजलेल्या माणसांना भयंकर तहान लागली होती. शहरभर एकच मागणं चाललं होतं : पाणी द्या. पण त्या दिवसांत सगळीकडे सांगितलं जात होतं की भाजलेल्याला पाणी देऊ नका, पाणी प्यायला की तो मरतो. सैनिक सांगत, मदतीला आलेले सांगत. म्हणून असंख्य लोकांनी काळजावर दगड ठेवून पाणी दिलं नाही. आणि ज्यांना दिलं नाही ते तरीही मेले. तहानलेले मेले. काहींनी दिलं, आणि पाणी पिऊन समोरचा माणूस तिथेच गेला. तेही आयुष्यभर स्वतःला विचारत राहिले, आपण त्याला मारलं का?

मैत्रिणींनो, शेवटच्या घटकेला तोंडात पाण्याचा थेंब आणि तुळशीचं पान घालणारी आपण माणसं. मरणाऱ्याला पाणी नाकारणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

रॉबर्ट लिफ्टन नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं १९६२ साली हिरोशिमात राहून वाचलेल्या लोकांशी सविस्तर बोलणी केली आणि १९६८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याला दिसलं ते हेच. वाचलेला माणूस वाचल्याबद्दल स्वतःला अपराधी समजतो. ती गेली आणि मी का राहिले? तुळईखाली अडकलेल्या भावाला सोडून मी का पळाले? शेजारणीची हाक ऐकून न ऐकल्यासारखं का केलं? दोष बॉम्ब टाकणाऱ्याचा होता, युद्ध लांबवणाऱ्यांचा होता. टोचणी मात्र वाचलेल्याच्या जिवाला लागली. आणि ही टोचणी कुणाला सांगता येत नाही, कारण सांगायचं म्हणजे स्वतःचा गुन्हा कबूल करणं, असं त्याला वाटतं.

आता प्रदर्शनाची भिंत डोळ्यांपुढे आणा. या चित्रांत पाण्याची चित्रं पुन्हा पुन्हा येतात. पाणी मागणारे हात. हौदात डोकं घालून मेलेली माणसं. नदीकडे सरपटत जाणारी माणसं. आणि कडेला लिहिलेलं असतं, की मी पाणी दिलं नाही, मला क्षमा करा. एक चित्र असं, त्याच्या शेजारी दुसरं असंच, पलीकडे तिसरं. आम्हाला वाटतं, प्रदर्शनाचं खरं काम इथे झालं. घरात, एकटीच्या मनात जो ‘माझा गुन्हा’ होता, तो भिंतीवर शेजारी शेजारी लागल्यावर ‘आपल्या सगळ्यांवर आलेली वेळ’ झाला. गेलेली माणसं परत आली नाहीत. टोचणीही पूर्ण गेली नसेल. पण ती एकटीची राहिली नाही. वही काढून घरी लिहिलं असतं तर हे झालं नसतं. डॉक्टरच्या बंद खोलीत सांगितलं असतं तर वेगळा उपयोग झाला असता, हा झाला नसता. यासाठी भिंतच लागते, आणि भिंतीपुढे उभे राहणारे शेजारीपाजारी लागतात.

इथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. सगळ्यांनी चित्रं काढली नाहीत. दीड हजारांच्या आतल्या लोकांनी काढली, लाखभर वाचलेल्यांनी काढली नाहीत. काहींना ते दृश्य पुन्हा समोर आणणं सोसणारं नव्हतं, आणि त्यांचं गप्प राहणंही तितकंच खरं आहे. हिरोशिमाचं आवाहन हे आवाहनच होतं. कुणाच्या घरी जाऊन, आजी, बोला ना, रडा ना, असं कुणी खोदून काढलं नाही. दुःख मोकळं करण्याच्या नावाखाली जखमेची खपली ओरबाडणं वेगळं आणि तिला हवा लागू देणं वेगळं.

दुसरी गोष्ट, कुणाचं दुःख भिंतीवर लागलं आणि कुणाचं राहून गेलं? मारुकी जोडप्यानं हा प्रश्न स्वतःच्या कामाला विचारला, म्हणून आम्हाला त्यांचा आदर वाटतो. हिरोशिमात जपानी लोकच मेले असं नाही. जपाननं कोरिया ताब्यात घेतला होता, त्यामुळे कामासाठी आणलेले हजारो कोरियन लोक तिथे होते. मेल्यावरही त्यांची प्रेतं शेवटपर्यंत उचलली गेली नाहीत, अशा आठवणी आहेत. १९७२ साली मारुकींनी त्यांच्यावर ‘कावळे’ नावाचं चित्र केलं. त्याच्या आदल्या वर्षी, हिरोशिमात कैदेत असलेल्या आणि बॉम्बच्या वेळी मारल्या गेलेल्या अमेरिकन सैनिकांवर चित्र केलं. पुढे १९७५ साली जपानी सैन्यानं चीनमधल्या नानकिंग शहरात केलेल्या कत्तलीवरही केलं. आपल्या माणसांचं दुःख मांडताना आपल्या माणसांनी दिलेलं दुःखही मांडायचं, याला फार मोठं मन लागतं. हिरोशिमातल्या कोरियन मृतांचं स्मारक १९७० साली उभं राहिलं ते शांतता उद्यानाच्या बाहेर. ते आत यायला १९९९ साल उजाडलं. म्हणजे दुःखातसुद्धा वाडा आणि वेस असते. आपल्या गावात हे सांगायला नको.

तिसरी गोष्ट आजची आहे. वाचलेली माणसं आता ऐंशी-नव्वदीच्या पुढे गेली. त्यांच्या मागे काय राहणार? हिरोशिमात मोतोमाची नावाची एक महापालिकेची शाळा आहे. तिथे चित्रकला शिकणारी सोळा-सतरा वर्षांची मुलं २००७ सालापासून संग्रहालयाच्या मदतीनं एक काम करतात. एक विद्यार्थी एका हिबाकुशा आजी-आजोबांना भेटतो. त्यांची एक आठवण ऐकतो आणि तिचं तैलचित्र करतो. एका चित्राला जवळपास वर्ष लागतं. पुन्हा पुन्हा भेटावं लागतं. आकाशाचा रंग कसा होता, धूर कुठल्या बाजूला होता, अंगावर काय कपडे होते, भाजलेली कातडी कशी दिसत होती, हे सगळं विचारावं लागतं. आजोबा म्हणतात, असं नव्हतं, आणि मूल पुसून पुन्हा काढतं. हे काम त्या मुलांना जड जातं, काहींना फार जड जातं. पण त्या आजी-आजोबांना काय मिळत असेल बघा. कुणीतरी वर्षभर त्यांच्या एका आठवणीपाशी बसून राहिलं. २०२४ साली हिबाकुशांच्या ‘निहोन हिदानक्यो’ या संघटनेला शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं. जगानं मान दिला, चांगलंच झालं. पण समोर बसून ऐकणाऱ्या त्या मुलाचं मोल वेगळंच आहे, असं आम्ही मानतो.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या भागावर अणुबॉम्ब पडला नाही, पडू नये. पण ‘मी पाणी दिलं नाही’ या जातीची टोचणी आपल्या घराघरांत आहे. करोनात ज्यांची माणसं दवाखान्यात गेली आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून परस्पर गेली, त्या बायका अजून म्हणतात, एक दिवस आधी नेलं असतं तर. कर्जापायी धन्यानं जीव दिला ती म्हणते, आदल्या रात्री त्याला विचारलं असतं तर. विहिरीत लेकरू गेलं ती तर काही म्हणतच नाही. दहावा, तेरावा होतो, पाहुणे जातात आणि मग त्या बाईशी त्या विषयावर बोलणं संपतं. तिला वाईट वाटेल म्हणून आपण बोलत नाही. आणि आपण बोलत नाही म्हणून ती समजते, सगळे मलाच दोषी धरतात.

चित्रं काढायला कॅनव्हास लागत नाही. आपल्याकडे भिंतीवर पांढऱ्या मातीनं काढणारे हात आहेत, रांगोळी आहे, गोधडी आहे. गेलेल्या आईच्या लुगड्याची गोधडी शिवून नातवाला देणं, हे आपल्याकडे कुणी न शिकवता होत आलंय. एखाद्या शाळेच्या वर्गात, देवळाच्या सभामंडपात किंवा बचतगटाच्या खोलीत दोन दिवस दोऱ्या बांधून कागद लावता येतील. ज्यांना वाटेल त्यांनी आणायचं. लिहिता येत नसेल तर सांगायचं, शाळेतली मुलगी लिहून घेईल. नाव घालायचं की नाही ते ज्यानं आणलं त्यानं ठरवायचं. बक्षीस नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, पाहुण्यांचं भाषण नाही. वेशीच्या कुठल्या बाजूचं घर आहे हे बघायचं नाही. आणि संपल्यावर ते कागद रद्दीत जायचे नाहीत. ते कुठे आणि कुणाकडे राहणार हे आधी ठरवायचं, कारण हिरोशिमाच्या लोकांनी ती चित्रं जपली म्हणून आज आपण त्यांच्याबद्दल बोलतोय.

एखादीला झोपच येत नसेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर तिला चित्राच्या भरवशावर सोडू नका. तिच्याबरोबर दवाखान्यात जा. आशाताईंना सांगा. १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं, तो दाराच्या मागे लिहून ठेवा.

हिरोशिमाच्या शांतता उद्यानात संग्रहालयासमोर एक कारंजं आहे. पाणी मागत गेलेल्या माणसांसाठी ते बांधलंय. दर ६ ऑगस्टला स्मारकापुढे भांड्यातून पाणी वाहतात. त्या दिवशी ज्यांना पाणी देता आलं नाही, त्यांना शहर दरवर्षी सगळ्यांसमोर पाणी देतं.

आपल्या गावात असं कुणाला काय द्यायचं राहिलंय, ते पुढच्या बैठकीत आपापसात बोला. आणि काही आणायचं असेल तर केंद्रावर घेऊन या, कागद कसलाही चालेल.